कमरेला भरलेलं पिस्तूल

माझ्या कमरेला रोज एक भरलेलं पिस्तूल असतं, आणि त्याला सगळ्यात जास्त घाबरणारा माणूस मीच आहे.

मी अंबरीश. जन्म बर्मिंगहॅमचा. आईबाबा दोघंही इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर, आणि मी विमानतळावर सशस्त्र पोलीस. या देशात साध्या पोलिसाकडे बंदूक नसते, म्हणून आमच्यासारख्या मोजक्या लोकांकडे सगळे टक लावून बघतात. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कुणी चौकशी केली की आई म्हणते, "तो एअरपोर्टवर असतो." लोकांना वाटतं मी पायलट आहे. मीही कुणाचा गैरसमज दूर करत नाही.

हे लिहिताना माझी बायको ईशिता शेजारी बसून मराठी तपासते आहे. ती नाशिकची. पहिल्याच वाक्यात मी 'भरलेली पिस्तूल' लिहिलं होतं.

शिफ्टच्या सुरुवातीला पिस्तूल ताब्यात घ्यायचं, रिकामं आहे ना ते नीट पाहायचं, चुकून गोळी सुटलीच तर वाळूत जावी म्हणून नळी वाळूच्या डब्याकडे ठेवून भरायचं. शेजारी सहकारी बघत उभा. एकदा कमरेच्या म्यानात, म्हणजे होल्स्टरमध्ये गेलं की उगीच हात लावायचा नाही. आमच्या पिस्तुलाला सेफ्टीचा वेगळा खटका नसतो. बोट ट्रिगरपासून लांब ठेवणं हीच मुख्य सेफ्टी. हे माझ्यात इतकं मुरलंय की घरी ड्रिल घेतलं तरी बोट आपोआप बाजूला सरळ राहतं. भिंतीला भोकं ईशिताच पाडते.

टॉयलेटचा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तोच मोठा आहे. पिस्तूल काढून फळीवर ठेवायचं नाही, कारण माणूस विसरतो. ते होल्स्टरमध्येच ठेवून, सगळा पट्टा गुडघ्यांमध्ये घट्ट धरून बसायचं. देशाचं रक्षण करताना माणूस फार रुबाबदार दिसतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी मला तेव्हा बघू नये.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी आणि माझी पार्टनर सारा अरायव्हल्समध्ये फिरत होतो. कॉफीच्या दुकानापाशी बाकावर एक म्हातारं जोडपं बसलं होतं. बाई म्हणत होत्या, "अहो, असं काय करताय? मुलगी येतेच आहे पार्किंगमधून."

मराठी ऐकून मी वळलो. छातीवर रायफल लटकवलेला एवढा मोठा माणूस आपल्याकडे येतोय म्हटल्यावर काकूंनी दोन्ही हात वर केले.

"काकू, घाबरू नका. मी मराठी आहे," मी म्हणालो.

हात खाली आले नाहीत.

काका घामाने डबडबले होते. मी विचारलं, "काका, तुमची हात दुखते का?"

ते कसेबसे म्हणाले, "तुमचा. हात. दुखतो का." मग जरा श्वास घेऊन, "हो. डावा."

आणि ते बाकावरून घसरले.

त्यांना जमिनीवर आडवं केलं. श्वास नीट चालत नव्हता. रायफल मी साराकडे दिली. तिने नळी खाली ठेवून ती खांद्याला अडकवली आणि रेडिओवर ॲम्ब्युलन्स मागवली. मी गुडघ्यावर बसून छाती दाबायला लागलो. आम्हाला हे शिकवलेलं असतं. मला डॉक्टर करायचं आईचं स्वप्न तेवढ्यापुरतं पूर्ण झालं म्हणायचं.

तेवढ्यात काकू माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या. "यांना पाणी द्या हो," म्हणत त्यांनी माझ्या कमरेला हात घातला. जाकिटाखालून अर्धवट दिसणारी ती काळी वस्तू त्यांना पाण्याची बाटली वाटली होती.

होल्स्टरमधून पिस्तूल असं ओढून सुटत नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी कमर जमेल तेवढी लांब वळवली. छाती दाबणं थांबवता येत नव्हतं. घाईत तोंडातून निघालं, "काकू, नको. ती भरलेली आहे."

"भरलेली आहे तर द्या ना मग," काकू म्हणाल्या.

साराला एक शब्द कळला नाही, पण हात दिसला. ती दोघांच्या मध्ये शिरली, माझ्या कमरेला पाय टेकवून उभी राहिली आणि काकूंना हलकेच डावीकडे नेलं. मी म्हणालो, "काकू, यांची हात धरा." चूक सांगायला काका शुद्धीत नव्हते. काकूंनी तो हात दोन्ही हातांत धरला आणि त्या रडायला लागल्या. एका कर्मचाऱ्याने भिंतीवरचं शॉक द्यायचं मशीन आणलं. एक शॉक दिला, परत दाबलं, आणि काका कण्हले. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

काका-काकूंना आणि धावत आलेल्या त्यांच्या मुलीला घेऊन ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी शस्त्रागारात आलो. बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आत माझे हात इतके थरथरत होते की बोटं एका जागी राहीनात. मी साराला म्हटलं, "मी आत्ता पिस्तुलाला हात लावणार नाही."

"गुड," ती म्हणाली. मग मी हात लांब धरून, शिंप्याकडे माप द्यायला उभा असल्यासारखा उभा राहिलो. तिने माझं पिस्तूल काढलं, वाळूच्या डब्याकडे धरून रिकामं केलं आणि चहा आणून दिला. त्या दिवसातलं माझं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच, काही न करण्याचं.

काका वाचले. वसंतात ते दोघं भारतात परत निघाले तेव्हा डिपार्चर्समध्ये मला शोधत आले, व्हीलचेअरवर. काकूंनी मला जवळ घ्यायला हात पसरले. ड्यूटीवर असताना कुणाला मिठी मारायची नसते. पण मी उजवी कमर मागे फिरवली, पिस्तुलावर कोपर दाबलं, रायफल सांभाळली आणि मोडलेल्या छत्रीसारखा वाकून फक्त डावा खांदा पुढे केला. काकूंनी तेवढ्या खांद्याला डोकं टेकवलं. आसपासचे प्रवासी चमकून बघत होते. सारा दुसरीकडे तोंड करून हसत होती. काका म्हणाले, "अगं, सोड त्याला. नोकरी आहे त्याची." पण काकू बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या, आणि मीही वाकलेलाच राहिलो.