सड्यावर पास, पुळणीत नापास

फ्लायव्हील लेथच्या, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या यंत्राच्या, चकमध्ये पकडलेलं, टूल टेकवलेलं आणि मी स्विचवर बोट ठेवून उभा. डोक्यात दोन मतं होती. दोन्ही हलकं करण्याच्या बाजूची, दोन्ही ठाम. अडचण एवढीच की त्यातलं एकही माझं नव्हतं.

पहिलं मत नजीरभाईचं. मस्कतला बरीच वर्षं ड्रायव्हर होता, आता कायमचा गावी आलाय. त्यानं मुंबईहून एक जुनी क्वाड टेम्पोत घालून आणली. क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची उघडी गाडी, हँडल मोटारसायकलचं. इंजिन टू-स्ट्रोक आणि पार जाम. पाली रस्त्यावरच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मी ते खोललं, सिलिंडर बोअर केला, नवा पिस्टन घातला. फ्लायव्हील तेवढं जागेवर जायचं होतं, तर नजीरभाई मोबाइल घेऊन आला. व्हिडिओत कुठल्या तरी देशातली क्वाड बेडकासारखी उड्या मारत होती.

"मिस्त्री, त्यानं फ्लायव्हील हलकं केलंय. आपलं पण करा."

दुसरं मत माझ्या कोल्हापूरच्या मित्राचं. तो रेसच्या गाड्या करतो. फोनवर म्हणाला, "हलकं कर की! त्यात विचारायचं काय? आमच्याकडं पोरं रोज करून घेत्यात."

फ्लायव्हील म्हणजे इंजिनच्या दांड्यावर बसवलेलं जड चाक. इंजिनात स्फोट झाला की धक्का बसतो, मग पुढच्या स्फोटापर्यंत दांडा फिरता ठेवायचं काम हे चाक करतं. ते हलकं केलं की इंजिन चटकन आवाज चढवतं. हे मला ठाऊक होतं. चटकन उतरवतंही, हेसुद्धा ठाऊक होतं. पण ठाऊक असणं आणि वेळेवर सुचणं ही माझी दोन वेगळी खाती आहेत.

मी स्विच दाबला. आतल्या बाजूला चुंबक असतात, त्यांना न दुखवता बाहेरची कड उतरवली. साधारण पाव वजन गेलं. इंजिन जोडलं, किक मारली. काय सांगू! बोट लावलं की किंचाळी. नजीरभाईनं मला मिठीच मारली.

टेस्ट घ्यायची म्हणून आम्ही वर्कशॉपमागच्या सड्यावर गेलो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माळ, घरच्या ओट्यासारखा टणक. तिथं ती क्वाड अशी सुटली की नजीरभाईची टोपी मागे आणि तो पुढे. मीही एक फेरी मारली. पन्नाशीच्या माणसानं मारू नये अशी मारली. गाडी पास झाली.

पण गाडी सड्यावर चालवायची नव्हतीच.

नजीरभाईचे मोठे भाऊ इब्राहिमभाई. गणपतीपुळ्याच्या अलीकडे त्यांचं गाव, त्यांची छोटी होडी. मासेमारी करून आलं की होडी पुळणीवरून, म्हणजे किनाऱ्याच्या भुसभुशीत वाळूतून, वर ओढावी लागते. पूर्वी आठ माणसं लागायची आणि आठ मिळायची. आता गावात पुरुष दिसला तर तो सुट्टीवर आलेला असतो. त्यात इब्राहिमभाईंची कंबर गेली. त्यांनी होडी विकायला काढली होती. क्वाडनं होडी ओढली तर ठेवायची, नाहीतर द्यायची, असं भावाभावांत ठरलं होतं. हे सगळं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान डोलावून ऐकलंही होतं.

ओहोटीला पुळणीत गेलो. होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, खडूनं मोबाइल नंबर लिहिलेला. गिऱ्हाइकासाठी. दोर बांधला. नजीरभाईनं हळूच क्लच सोडला. इंजिन बंद. परत किक, परत बंद. तिसऱ्यांदा त्यानं खूप रेस करून क्लच सोडला, तर मागची चाकं जागेवर गरगरली आणि गाडी वाळूत अर्धी रुतली. होडी होती तिथंच.

इब्राहिमभाई कंबरेवर हात ठेवून बघत होते. "मिस्त्री, ही ओढते का नुसतीच आरडते?"

"प्लग बघतो," मी म्हणालो. मेकॅनिकला काही कळेनासं झालं की तो प्लग बघतो. प्लग उत्तम होता. कार्बोरेटर बघितला. तोही उत्तम. सड्यावर पळालेली गाडी इथं का मरते, ते मला खरोखर कळेना.

घरी जेवताना मी सगळं बायकोला, सुनंदाला सांगितलं. ही कपडे शिवते. ऐकता ऐकता तिनं भात वाढायचा थांबवला.

"म्हणजे माझ्या नव्या मशीनसारखं झालं म्हणा."

"मशीनचा काय संबंध?"

"अहो, जुन्याचं चाक केवढं जड होतं! जीन्सची चौपदरी घडी आली तरी सुई अडत नव्हती, चाक ढकलायचं पुढे. हे नवं हलकं, भुर्रकन पळतं आणि घडीत अडकतं. तुम्हीच आणलंत ना हौसेनं? पण तुम्ही वजन काढलंत कशाला?"

मी ताकाची वाटी तोंडाला लावली. वाटीआड तेवढं तोंड लपतं.

काढलेलं लोखंड परत चिकटत नाही. त्या इंजिनचं दुसरं फ्लायव्हील मिळेना. शेवटी वडील बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचे ते आठवलं: धाव तापवून फुगवायची, चाकावर बसवायची, थंड झाली की आवळून बसते. तशीच स्टीलची रिंग केली. फ्लायव्हील तापवलं तर चुंबक मरतात, म्हणून फक्त रिंग निळी होईपर्यंत तापवली आणि झटकन चढवली. कव्हरमध्ये जागा होती, म्हणून मूळच्यापेक्षा थोडी जाडच ठेवली. ती वेगात सुटली तर चालवणाऱ्याचा पाय घेऊन जाईल, म्हणून चार स्क्रूही मारले. मग बॅलन्स. त्यात दोन दिवस गेले, कारण दर वेळी मला वाटायचं की हीच बाजू जड आणि मग वाटायचं की ती.

नजीरभाईनं किक मारली. आवाज संथ. त्याचं तोंड उतरलं. "मिस्त्री, हिचा जीवच गेला की!"

"सड्यावर नको. पुळणीत चल."

पुळणीत दोर बांधला. क्लच सुटला. इंजिन दबलं, आवाज खाली खाली गेला. मी डोळे मिटले. बंद पडल्याचं ऐकू येईना म्हणून उघडले, तर टकटक करत गाडी चालली होती आणि मागून होडी, वाळूत रेघ ओढत, वरच्या सुरूच्या झाडांपर्यंत.

इब्राहिमभाईंनी मूठभर ओली वाळू घेतली आणि नाळेवरचा नंबर घासून काढला. मग मला म्हणाले, "चला, चा घेऊ."

टू-स्ट्रोकला हलकं फ्लायव्हील चांगलं का, असं अजून कुणी विचारलं तर मी उलट विचारतो, चालवणार कुठं? एवढं आधी विचारलं असतं तर एवढा उपद्व्याप करून होतो तिथंच परत आलो नसतो.

सुनंदाचं जुनं मशीन मी पालीच्या बहिणीला देऊन टाकलं होतं. परवा आणायला गेलो. बहीण म्हणाली, "दादा, चहा घे, जेव, हवं तर राहा. मशीन नाही मिळणार. माझ्याकडे जीन्सचं काम असतं."