तीन मातांची ओटी

त्या तीन माता दगडाच्या आहेत. शेजारी शेजारी बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर फळांची टोपली. केल्टिक लोक त्यांना पूजत. पुढे रोमन आले, तेही त्यांच्याच पाया पडू लागले. जर्मनीत हायडेलबर्गपासून तासाभरावरच्या एका छोट्या म्युझियममध्ये असले दगड साफ करायचं माझं काम, तेही अजून प्रोबेत्साइटवर. नोकरी पक्की व्हायची होती, त्यामुळे त्या दिवसांत मी शिंकतानाही घाबरायचे.

त्यातच सासूबाई पुण्याहून आल्या आणि तू दिवसभर करतेस तरी काय ते बघायचंय म्हणून हटून बसल्या. सासरे गेल्यापासून त्या कुठे जायलाच मागत नसत, म्हणून मला नाही म्हणवेना. आमच्या वरिष्ठ बाईंनी परवानगी दिली, पण कशालाही हात लागता कामा नये असं बजावलं. मी ते आईंना गाडीत सांगितलं होतं. त्या तेव्हा द्राक्षांचे मळे बघत होत्या.

दगडापुढे त्या थबकल्या. तीनच कशा, आपल्याकडे साती आसरा असतात, म्हणाल्या. मग टोपल्या दिसल्या आणि चेहरा उजळला. यांची ओटी भरलीये की. मी कोपऱ्यातला दिवा लावायला वळले. परत बघते तर पर्समधली जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी उघडलेली आणि पिवळं बोट मधल्या मातेच्या कपाळापाशी. तो दगड पाण्यासारखा रंग पितो. हळद एकदा आत गेली की संपलंच. बाहेर बाईंच्या बुटांचा आवाज येत होता.

मी आईंचं मनगट धरलं. जोरात धरलं.

बाई आत आल्या, दगडाजवळ नाक नेऊन बघत राहिल्या. आईंनी मूठ पदरात लपवली होती. शेवटी बाई "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणून मान डोलावत गेल्या.

"बरोबर केलंस," आई खाली बघत म्हणाल्या. "माझा हात नकोच. भाचीच्या डोहाळजेवणालाही मला मागेच बसवलं होतं."

मला रडूच आलं. अहो, तसं नाही, मीसुद्धा हातमोज्यांशिवाय शिवत नाही, असं मी परत परत सांगितलं. त्या हो गं, हो गं करत राहिल्या. विश्वास काही बसला नव्हता.

जेवणाच्या सुट्टीत त्यांना मागच्या अंगणात नेलं. बाकावर बसले आणि कामाचा एप्रन दोन्ही हातांनी पुढे पसरला.

"माझी भरा."

"अगं, मी नाही भरायची."

"तुम्हीच भरायची, आई."

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. डब्याच्या पिशवीतली दोन सफरचंदं काढून माझ्या ओटीत ठेवली. मग पुडी उघडली. भंडारा लावून झाला तरी त्यांचं बोट माझ्या कपाळावरून लवकर निघालं नाही.