बिनकडीचं घर

आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही, हा काही माझा दोष नव्हे. पण आईनं तसंच धरलं होतं. गेल्या वर्षी मी जुनी का होईना गाडी घेतली, तेव्हा तिला कोकण दाखवीन असं बोलून बसले. मग तिचे गुडघे, माझी रजा, असं करत ते राहूनच गेलं. शेवटी एका रविवारी धाराशिवहून गावी गेले, तिला पुढच्या सीटवर बसवलं आणि धरणाच्या फुगवट्याच्या कडेनं जाणारा रस्ता धरला. समुद्र नाही तर नाही, पाण्याचा काठ तरी होता.

गाडी मी चाळीसच्या वर नेत नाही. घाई नव्हती, आणि खरं सांगायचं तर मला त्याहून जोरात चालवता येतही नाही. एका बाजूला ऊस, दुसऱ्या बाजूला पाणी, पाण्यात उभ्या वाळलेल्या बाभळी आणि पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप. आईनं काच खाली करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ह्यो समुद्र बरा. निदान प्याय तरी येतोय."

"टोमणा कळला," मी म्हणाले. ती पदराआड हसली.

जेवायची जागा मी फोनवर बघून ठरवली होती. बरीच वर्षं इंग्लंडात हॉटेलात राबून परतलेल्या एका माणसानं पाण्याकाठच्या आपल्या रानात तिकडच्या खेड्यात असतो तसा पब बांधला होता. फोटो पाहताक्षणी मला ती जागा आवडली. का आवडली, याचा विचार मी केला नाही.

"बारमधी आणलंस व्हय मला?" पाटी बघून आई म्हणाली, पण उतरली. दारात मात्र थबकली. तेव्हा कुठं माझे डोळे उघडले. ओबडधोबड दगडाच्या भिंती, बुटक्या छताला काळ्या लाकडी तुळया, जाड फळ्यांचं दार. इंग्रजांचं खेडं कसलं, ते आमचं जुनं घर होतं. तसल्याच दगडमातीच्या भिंती आणि तसलंच लाकूड-मातीचं माळवद त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे माझ्या वडिलांवर आणि धाकट्या भावावर कोसळलं. मी आठ वर्षांची होते, तो पाच. आई आणि मी अंगणात बाजेवर निजलो होतो म्हणून वाचलो. उजाडेपर्यंत मी ढिगाऱ्यावर उभी राहून त्याला हाका मारत होते. आतून ओ आली नाही.

"दुसरीकडं जाऊ," मी म्हणाले. मला स्वतःचीच चीड आली होती. पण आई आत शिरलीसुद्धा. भिंतीवर चापट मारून तिनं मालकाला विचारलं, "मातीत हाय का सिमिटात?" आमच्या भागात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. सोयरीक बघायला गेलेली माणसंदेखील पोराआधी भिंत बघतात.

"मावशी, आत समदे कॉलम हायत," मालक म्हणाला. "दगड वरनं चिकटवलाय, शोभेला."

"शोभेला," आई म्हणाली, आणि दाराजवळच्या टेबलाशी बसली.

इथं आईची एक खोड सांगायला हवी. पुनर्वसनात मिळालेल्या आमच्या घरात एकाही दाराला कडी नाही. पत्र्याच्या शेडातून तिथं राहायला गेलो आणि महिन्याभरात तिनं मिस्त्री बोलावून सगळ्या कड्या उपटून घेतल्या. पुढच्या दाराला रात्री आतून वरवंटा लावायचा, बस्स. लग्नकार्यात, दवाखान्यात, एसटी स्टँडवर, कुठंही संडासाला गेली तरी ती कडी लावत नाही. बाहेर मी राखण उभी. बाईनं धसका घेतलाय, असं लोक म्हणायचे. मला वेगळंच वाटायचं. हिला कळलंय, आणि ही मला बोलून न दाखवता करून दाखवतेय, असं वाटायचं.

कारण त्या रात्री कडी मी लावली होती. गणपती बोळवून आम्ही उशिरा परतलो होतो. भावाला खोकला होता म्हणून वडील त्याला घेऊन आत निजले. आत निजवलं की तो हमखास उठून बाहेर यायचा आणि माझ्या वाकळेत घुसायचा. प्रसादाच्या खोबऱ्यावरून आमचं भांडण झालेलं. आज येऊच देत नाही, म्हणून मी बाहेरून त्यांच्या खोलीच्या दाराला कडी घातली आणि झोपले. हे मी कुणालाही, नवऱ्यालासुद्धा, सांगितलेलं नाही.

मासा आणि बटाट्याच्या फोडी आल्या. "मासा झ्याक हाय, पर मीठमिरची घालायची इसरला जणू," आई म्हणाली. मालकानं हसत आपल्या घरातला ठेचा आणून दिला. माझ्यासमोर मात्र ते दार होतं आणि त्याला जुन्या घाटाची साखळीची कडी लोंबत होती, तीही शोभेला.

"आई, त्या रात्री आतल्या खोलीची कडी मी घातली होती," ताटाकडं बघत मी म्हणाले.

ती काटे काढत राहिली. "ठाव हाय मला."

"कधीपासून?"

"तवापासनंच. दगड उपसताना दार घावलं, चौकटीसकट आडवं. कडी लागलेलीच हुती. कुणी बघायच्या आदी म्या काढली."

मला रडूही येईना. तीस वर्षं मी जे गाडून ठेवलं होतं, ते हिनं पहिल्याच दिवशी हातात धरलं होतं.

"समदं माळवदच बसलं गं त्येंच्यावर," ती म्हणाली. "दारापत्तोर याया येळच कुठं हुता?" मग आणखी एक काटा तिनं ताटाच्या कडेला ठेवला. "आसंल बी येळ. खोटं कशाला बोलू, मला न्हाय ठाव."

"मग घरातल्या कड्या का उपटल्यास?"

"तुझ्यापायी. नव्या घरात रोज रातच्याला झोपेतच उठायचीस, दारं चाचपायचीस, कड्या काढायचीस आन् परत निजायचीस. बघवंना मला. मला कसलं आलंय कडीचं भ्याव?"

नंतर आम्ही दोघींनी ताटातलं सगळं संपवलं. अन्न टाकायची आमच्याकडं रीत नाही.

निघताना ती बाथरूमकडं वळली. सवयीनं मी मागं गेले. दार लोटता लोटता तिनं माझ्याकडं पाहिलं. "लावू का?"

"लाव," मी म्हणाले.

आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी त्या चिकटवलेल्या दगडांपाशी उभी होते.

"आई," मी हाक मारली.

"हाय गं," ती आतून म्हणाली.

मी पुन्हा हाक मारली. तिनं पुन्हा ओ दिली.