पडदा न लावलेला हॉल

दोंडाईच्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिपमालाचं फॉल-पिकोचं दुकान आहे. जळगावचं सासर सोडून ती परत आली, तेव्हा आईनं, तानुबाईनं, स्वतःचं शिलाई मशीन तिच्यापुढं सरकवलं आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. बाकीच्यांनी मात्र भरपूर विचारलं. "नवऱ्याचा हात उठायचा, म्हणून आले," एवढंच उत्तर दिपमाला द्यायची, तेही हातातली कात्री न थांबवता.

पुढं रीतसर फारकत झाली आणि काही वर्षांनी सोनगीरच्या नवलशी तिचं जमलं. नवल मोटारींचं वायंडिंग करायचा. त्याची पहिली बायको आजारपणात गेली होती. माणूस शांत. "कोर्टात सह्या करू, पेढे वाटू," तो म्हणाला.

"सह्या कोर्टातच," दिपमाला म्हणाली. "पण रिसेप्शन द्यायचं. समाजाच्या मोठ्या हॉलमध्ये."

त्या हॉलचं कारण नवलला माहीत होतं. तिथंच बैठक बसवून समाजाच्या मोठ्या माणसांनी तिला 'सांभाळून घे, परत जा' असं सांगितलं होतं. ती तेव्हा मान खाली घालून बसली होती. त्याच जागी तिला मान वर करून उभं राहायचं होतं.

वडिलांच्या माघारी घरात शब्द चालायचा तो चुलत्याचा, रुपचंद नानांचा. ते भडकलेच. "दुसरं लगीन शे. देऊळमा हार घाला नि मोकळे व्हा. इतला मोठा हॉल कसाले?"

"मी काय चोरी करी का नाना, लपीसन लगीन कराले?"

नाना उठले, पण जाता जाता शहाणपणाचं म्हणून बोललेच, "मग मधोमध पडदा तरी टाक. दुसऱ्या लग्नाला कोण येतंय? रिकाम्या खुर्च्या दिसल्या तर शोभा होईल."

"पडदा लागणार नाही."

बोलून तर गेली. मुहूर्त नसलेला मंगळवार धरला, म्हणून हॉल स्वस्तात मिळाला. पण सजावटवाल्यानं सांगितलेला आकडा ऐकून तिनं फोनच ठेवून दिला. मग एकटीच हॉलमध्ये जाऊन उभी राहिली. उंचच उंच छत, ऑइलपेंटच्या भिंती, खांबांवर पानाच्या पिचकाऱ्या. फुलांनी हे भरायचं म्हटलं तर अख्खा बाजार पुरला नसता. छताचा नाद तिनं तिथंच सोडला. बसलेल्या माणसाची नजर जाईल तेवढीच भिंत सजवायची. आणि ती कशानं, हे तिला दुकानात परतल्यावर, मांडीवर कुणाचा तरी शालू घेऊन फॉल लावताना सुचलं.

दुसऱ्या दिवसापासून ती घरोघर गेली. "तुमच्या लग्नाची साडी द्या. एका दिवसापुरती. टाचणी टोचणार नाही, डाग पडू देणार नाही."

बायका आधी हसल्या, मग ट्रंका उघडायला लागल्या. डाळिंबी, मोरपंखी, हळदी, जरी काळवंडलेल्या, घड्यांवर विरलेल्या साड्या बाहेर आल्या. प्रत्येक साडीबरोबर एक गोष्टही यायची, ती ऐकल्याशिवाय दिपमालाला उठता यायचं नाही. कोपऱ्यावरच्या झुंबरबाईनं मात्र दारातच हात जोडले. "मी रांडमुंड बाई. मनी साडी तुना शुभकार्यात नको, माय."

"अक्का, नसेल द्यायची तर नका देऊ. पण त्या कारणानं नको."

झुंबरबाईनं जोडलेले हात सोडले. मग आत जाऊन तिनं जुन्या चादरीत बांधलेली जांभळी साडी आणली.

दिपमालानं प्रत्येक काठाला कच्च्या टाक्यानं नाड्याचे फास लावले, म्हणजे कापडाला इजा नाही. खांबाखांबांतून दोऱ्या ताणल्या. घड कापून झालेले केळीचे खांब नवलनं ओळखीच्या शेतकऱ्याकडून टेम्पोत घालून आणले आणि पिचकाऱ्यांवरच उभे बांधले. गणपती मंडळानं आपल्या दिव्यांच्या माळा दिल्या. ट्यूबलाइट बंद करून माळा लावल्या, तेव्हा जरीचे काठ असे उजळले की तानुबाई चपला घालायची विसरून हॉलभर फिरत राहिली.

मंगळवारी दुपारी नाना आले. फिरून सगळं पाहिलं. स्टेजच्या मागं, मधोमध, जांभळी साडी होती.

"ही कोणाची?"

"झुंबरअक्कांची."

"उतरव. लोके काय म्हनतीन? नवरा-नवरीच्या डोक्यामागं तिची साडी?"

"ती उतरली तर मी स्टेजवर चढणार नाही," दिपमाला म्हणाली. आवाज चढला नाही.

नानांनी स्वतःच दोरीला हात घातला. तेवढ्यात मागून कुंदाबाईचा, त्यांच्या बायकोचा, आवाज आला. "आधी ती शेजारची उतरवा."

नानांनी पाहिलं. जांभळीला लागून डाळिंबी साडी होती. ती त्यांनी ओळखली. लग्नात त्यांनीच घेतली होती.

"तू कधी दिली?"

"तिनं मागितली, मी दिली. तुम्हाले इचारायचं काय त्यात?" कुंदाबाई पुढं आली. "ती उतरवणार असाल तर माझी बी उतरवा. आणि मला घेऊन घरी चला."

नानांचा हात दोरीवरून खाली आला. ते बाहेर जाऊन हॉलच्या दारात उभे राहिले.

संध्याकाळी बायका आल्या त्या साड्या बघायला. आपली कुठं लागली हे दाखवायला सुना आणल्या, नाती आणल्या, शेजारणी ओढून आणल्या. "ही मनी! ती तुनी!" असा गलका झाला. त्यांच्या मागं त्यांचे नवरेही आले, त्यांत बैठकीला बसलेले दोघे-तिघे होते. दिपमालानं त्यांना स्टेजवरून सरळ डोळ्यांत बघत नमस्कार केला. खुर्च्या कमी पडल्या, पोरं केळीच्या खांबांना टेकून बसली. झुंबरबाई मागं उभी होती, नवलनं स्वतः उतरून तिला पुढच्या रांगेत आणून बसवलं.

नाना जेवले नाहीत. फोटोलाही आले नाहीत. दिपमालाला ते लागलं, पण ती त्यांच्या मागं गेली नाही. कुंदाबाईनं मात्र पोट भरून जेवून, वर जिलेबी मागून घेतली.