दातांत पेन्सिल

माझी वहिनी होणाऱ्या शिक्षकांना शिकवते. ज्या मुलांना दिसत नाही, ऐकू येत नाही, चालता-बोलता वेळ लागतो, त्यांच्यासकट वर्ग कसा शिकवायचा, हा तिचा विषय. हे कुणाला सांगितलं की समोरचा मान वाकडी करून हमखास म्हणतो, "किती पुण्याचं काम हो." वहिनीच्या देखत हे म्हणू नये. आमचे एक दूरचे काका म्हणाले आणि अर्धा चहा टाकून उठून गेले. वहिनीने त्यांना एवढंच विचारलं होतं, "तुमच्या मुलाला गणित शिकवणाऱ्या मास्तरांना कधी म्हणालात का, पुण्याचं काम म्हणून? त्यांच्या वेळी फी जास्त आहे म्हणून कुरकुरत होतात."

तिच्या नाकावर राग असतो हे खरं. विद्यालयात तिला मागून 'तोफ' म्हणतात. मी त्याच अध्यापक विद्यालयात हस्तकला शिकवतो, त्यामुळे घरची वहिनी आणि तिथली तोफ, दोन्ही मला चांगल्या ठाऊक आहेत. दोघींत काही फरक नाही. पण तिचा राग कुठून येतो हे कळल्यापासून मला तो कमीच वाटतो.

तिचा धाकटा भाऊ अडखळत बोलतो. शाळेत त्याला उभं केलं की तो पहिल्या अक्षरावर अडायचा आणि मास्तर उरलेलं वाक्य पुरं करायचे. वाईट नव्हते ते, मायेनेच करायचे. मग शेजारचा मुलगा करायला लागला, मग वर्ग. दहावीला पोचेपर्यंत पोराने बोलणंच सोडून दिलं. कुणीतरी आपलं वाक्य पुरं करतंय, तर आपण तोंड शिणवायचं कशाला? आज तो घड्याळं दुरुस्त करतो आणि बहिणीशी तेवढं पोटभर बोलतो.

दरवर्षी पहिल्या तासाला वहिनी त्याला वर्गात घेऊन येते. प्रत्येक शिकाऊ शिक्षकाला एक पेन्सिल देते. ती दातांत आडवी धरायची. मग भाऊ आपल्या दुकानापासून विद्यालयापर्यंत कसा आला ते सांगतो. कोपऱ्यावरचं वळण, पूल, रंगवलेलं फाटक. त्याचं सांगून होईपर्यंत पेन्सिल काढायची नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण तो 'पू' वर अडला की चाळीस जणांच्या घशात 'पूल' येऊन बसतो आणि मग पेन्सिलींवर दातांचे ठसे उमटतात. वहिनी तास संपताना म्हणते, "तुमच्या जिभेला जी खाज सुटली ना, तिने माझ्या भावाचा आवाज खाल्लाय. पहिला धडा संपला."

पुस्तकात हा धडा नाही. पुस्तकात व्याख्या आहेत. व्याख्या पाठ करून पास झालेले शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत. मूल समोर आलं की ते बाकासकट मागे सरकतात.

म्हणूनच वहिनीने वर्षानुवर्षं भांडून एक नियम करून घेतला. प्रत्येक शिकाऊ शिक्षकाने निदान एक सराव पाठ असा घ्यायचा की त्या वर्गात अपंगत्व असलेलं एखादं मूल असेल, आणि परीक्षकाने मागे बसून तो बघायचा. ती स्वतः वेगवेगळ्या शाळा शोधायची, वेगवेगळ्या मुलांच्या वर्गात आपली पोरं पाठवायची, बसच्या धक्क्यांनी कंबर मोडून घ्यायची. मग दादाचं, म्हणजे माझ्या भावाचं, हृदयाचं ऑपरेशन निघालं आणि वहिनी कित्येक महिने रजेवर गेली. तिचं काम प्राचार्यांनी स्वतःकडे घेतलं.

ती परत आली ती ऐन पाठांच्या धांदलीत. पहिलाच पाठ बघायला समोरच्याच शाळेत जायचं होतं; तक्ते बघायला म्हणून मीही बरोबर गेलो. तिला नवल वाटलं, बरंही वाटलं. पाचवीचा वर्ग होता. पाठ घेणारी मुलगी इतकी नीटनेटकी की वर्गमैत्रिणी तिला टापटीप म्हणायच्या. विषय पाण्याचं चक्र. तक्त्यावर कापसाचे ढग चिकटवलेले, आणि ते ढग हाताळून हाताळून काळे पडलेले. मी हस्तकलेचा माणूस, मला लांबूनच कळलं की हा तक्ता आधीच्या तुकडीने पुढच्या तुकडीला दिलेला आहे. आयत्या पिठावर रेघोट्या. पाठाचं टाचणसुद्धा तेच असणार.

पहिल्या बाकाशेजारी चाकाच्या खुर्चीत एक मुलगी होती. पाचवीतली पोरं तिच्या खांद्याला लागत नव्हती. हात आपल्या मर्जीने हलत, मान एका बाजूला झुके. तिला घरी 'मोठी' म्हणतात, कारण खाली एक धाकटी आहे. आपणही तेच म्हणू. खुर्चीला अडकवलेल्या दप्तरातून सहावीचं पुस्तक डोकावत होतं. टापटीपने पातेल्याचं चित्र दाखवलं, मोठीकडे वळली, गोड हसली आणि म्हणाली, "आता मी तुला एक प्रश्न विचारणार आहे हं."

"वा…फ," मोठी म्हणाली.

प्रश्न अजून विचारलेलाच नव्हता. पण वर्गाने टाळ्या वाजवल्या. टापटीपनेही वाजवल्या.

वहिनी मागच्या बाकावरून उठली. "टाळ्या कशासाठी?" तिने एका पोराला विचारलं.

"ही बोलली की वाजवायच्या असतात ना, बाई," तो म्हणाला. त्याचा काय दोष?

वहिनी खुर्चीशेजारी जमिनीवर बसली. "हा पाठ किती वेळा ऐकलास गं?"

मोठीला शब्द जमवायला वेळ लागतो. जबडा आधी दुसरीकडे जातो, मग परत येतो. वहिनी थांबली. अख्ख्या वर्गाला थांबावं लागलं. "मो…जत… नाही."

"तू सहावीतली ना? तुझ्या वर्गात आत्ता काय चालू आहे?"

"अपू…र्णांक."

"येतात?"

या वेळी जरा जास्तच वेळ लागला. "मी… तिथे… नसतेच."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मी त्या दिवशी वहिनीच्या मागून प्राचार्यांच्या खोलीपर्यंत चालताना पाहिलं. प्राचार्य शांत होते. ते नेहमी शांत असतात, त्यांना कशाचं काही नसतं. "सोय बघावी लागते, मॅडम. बाकीच्या शाळा लांब. ही मुलगी हुशार आहे, शांत आहे, उत्तर बरोबर देते. परीक्षकांना बरं वाटतं, पोरांना गुण मिळतात."

"शांत?" वहिनी म्हणाली. "तुम्ही कुणी तिचं ऐकायला थांबत नाही, म्हणून शांत. तिला गणिताच्या तासातून उचलून दर वेळी त्याच ढगांखाली नेऊन ठेवता. ती मुलगी आहे की तुमचा तक्ता?"

"नियम तर तुमचाच होता," प्राचार्य म्हणाले.

वहिनी वळली आणि खोलीबाहेर पडली. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ना, तसं झालं होतं. ज्या मुलांसाठी नियम केला, त्यांतल्याच एकीचं वर्ष त्या नियमाने गिळलं होतं. घरी आल्यावर ती पातेलं घासत बसली, घासून झालेलं परत घासत. "भाऊजी," ती म्हणाली, "त्यांची चीड आली त्याहून जास्त मला माझी आली आहे. लढून नियम आणला आणि त्याच्यावर नजर ठेवायला माणूस नेमला नाही. असला नियम काय चाटायचाय?" दादा खाटेवरून म्हणाला, "पातेल्याला भोक पडेल." ती हसली नाही.

पाठोपाठ दुसरी बातमी आली. मोठीची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करते. ती थेट विद्यालयाच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. पोरगी गणितात नापास झाली होती आणि मुख्याध्यापकांनी सांगितलं होतं, हिला इथे झेपत नाही, परगावी खास शाळा आहे, तिथे ठेवा. "तुमच्या कामाची होती तोवर चालली," आई म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. "तुमची पोरं पास झाली. माझी नापास. आता म्हणतात लांब पाठव. आठ-आठ महिने भेट नाही. मी तिला पाठवणार नाही, आणि घरीही बसवणार नाही. बोला काय करता."

वहिनी तिला घेऊन तशीच समोरच्या शाळेत गेली. मुख्याध्यापक आधी बरंच काही बोलले. शाळेची अडचण, पालकांची समजूत, मुलीचं हित. ताकाला जाऊन भांडं लपवत होते. वहिनीने एकच विचारलं, "तिला गणिताच्या तासाला वर्गातून कोण नेऊ देत होतं?" त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला. शेवटी ठरलं: सुट्टी संपण्याआधी तोंडी परीक्षा, त्यांच्याच खोलीत, ते स्वतः घेणार. जमलं तर सातवी. नाही जमलं तर परगाव.

इकडे वहिनीने पाण्याच्या चक्राचे सगळे पाठ रद्द केले. विद्यालयात बोंबाबोंब झाली. गुण गेले, सुट्टी गेली. "पाठ परत घ्यायचा," वहिनी म्हणाली, "त्या मुलीने चुकवलेल्या तासांतला एकेक धडा. तिच्या घरी. तिला कळलं की नाही हे ती सांगेल, परीक्षक नव्हे. आणि पेन्सिल घेऊन जायची." बरीचशी पोरं प्राचार्यांकडे रडायला गेली. टापटीप गेली नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

पण मोठीला टापटीप नको होती. पहिल्या दिवशी तिने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि इस्त्री केलेल्या शर्टांच्या ढिगाकडे बघत राहिली. हक्कच होता तिला. टापटीप बसून राहिली, पेन्सिल दातांत. लाळ हनुवटीवर आली तरी पुसली नाही. नीटनेटकेपणाची पार वाट लागली. बऱ्याच वेळाने मोठी वळली. "टाळ्या…" ती म्हणाली, आणि जबडा पुन्हा निसटला, आणि टापटीप थांबली. "टाळ्या… वाजवायच्या… नाहीत."

टापटीपने मान हलवली. तिथून शिकवणं सुरू झालं.

मी लाकडाच्या पट्ट्या कापून दिल्या, अर्ध्याची, पावाची, आठव्या भागाची, जाड आणि वजनदार, म्हणजे हात झटकला तरी सांडू नयेत. पहिल्या पट्ट्या फारच गुळगुळीत झाल्या होत्या, मोठीच्या हातातून निसटल्या आणि तिने मला सरळ तोंडावर सांगितलं, "वाई…ट." मी कडा खरबरीत करून आणल्या. बोलणं महाग असल्यामुळे ती शब्द वाया घालवत नाही. आमच्या घरात हा गुण एकालाही नाही.

परीक्षेच्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत मोठी, तिची आई, वहिनी, टापटीप आणि पट्ट्यांची पिशवी घेऊन मी. मुख्याध्यापकांनी घड्याळ बघून सुरुवात केली. "अर्धा आणि पाव मिळून किती?"

मोठीचा जबडा गेला, परत आला. "पा…"

"पाच?" मुख्याध्यापक म्हणाले, अगदी मायेने. "पाच नाही बाळ. असू दे. पुढचा प्रश्न—"

मोठीच्या आईने पदर मुठीत धरला. वहिनीने पर्स उघडली, दातांचे ठसे उमटलेली एक पेन्सिल काढली आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. "सर, ही दातांत धरा."

"काय?"

"माझे विद्यार्थी धरतात. तिचं उत्तर पूर्ण होईपर्यंत काढायची नाही. तुम्ही तिच्या तोंडात पाच घातलेत, तिने म्हटलेलं नाही."

ते हसले. कुणीच हसलं नाही म्हटल्यावर थांबले. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, शाळेच्या मुख्याध्यापकांनी पेन्सिल दातांत धरली.

"पा…ऊण," मोठी म्हणाली, आणि पट्ट्या सरकवून दाखवलं.

त्यानंतर सरांना प्रश्न लिहून दाखवावे लागले, कारण तोंड पेन्सिलीत अडकलेलं. तीन अष्टमांश मोठे की अर्धा. सहांचा तिसरा भाग. एक उत्तर चुकलं, तेही तिने स्वतःच ओळखलं आणि परत केलं. सरांच्या तोंडातली पेन्सिल बाहेरच्या शिपायाने दोनदा डोकावून पाहिली. शेवटी मुख्याध्यापकांनी पेन्सिल काढली, कागदावर सही केली आणि आईकडे सरकवला. "सातवीत बसू दे," ते म्हणाले. आईने कागद पदराखाली घेतला, जणू कुणी परत मागेल.

इथेच थांबायला हवं होतं. पण चांगुलपणाने वागून झालं की माणसाला आणखी थोडा चांगुलपणा करावासा वाटतो. मुख्याध्यापक पुढे झुकले आणि गोड आवाजात म्हणाले, "आता जाता जाता एक सोपा. पाणी तापलं की काय होतं?"

वहिनीच्या कपाळाची शीर मला दिसली. टापटीपने डोळे मिटले. मोठी मुख्याध्यापकांकडे बघत राहिली. जबडा गेला, परत आला, पुन्हा गेला. पेन्सिल टेबलावर होती, पण या वेळी ते आपणहून थांबले.

"तुम्ही… सांगा."

त्यांनी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने खिडकीबाहेर. सुटका नव्हती. "वाफ," ते हळूच म्हणाले.

मोठीने हात उचलले. तिचे हात एकमेकांना सापडायला वेळ लागतो. पहिल्यांदा हुकले, दुसऱ्यांदा खुर्चीच्या दांड्याला लागले. आम्ही सगळे थांबलो. मग ते जुळले, आणि तिने मुख्याध्यापकांसाठी टाळ्या वाजवल्या, चांगल्या जोरात, त्यांची मान खाली जाईपर्यंत.