उंटांसाठी ठेवलेलं पाणी

सिंगापुरात, पुंगोलला आमच्या मजल्यावर एक स्पॅनिश म्हातारा एकटाच राहायचा. नाव मी कधी विचारलं नाही. दर पाच जानेवारीला तो दाराबाहेर स्टुलावर बसून आपले बूट चकचकीत करायचा आणि शेजारी पाण्याचं पातेलं ठेवायचा.

“बाळ येशूला भेटायला गेलेले तीन राजे आज रात्री येतात, बुटांत भेटी ठेवून जातात,” तो सांगायचा. “लांबून येतात, त्यांच्या उंटांना तहान लागते.”

एका वर्षी पातेलं आठवडाभर तसंच राहिलं. मला डेंग्यूची धास्ती. त्याला एका वाक्यात सांगता आलं असतं, पण मी सरकारी खात्याला फोन करून तक्रार केली. डासांची तपासणी करणारे आले, त्याला ताकीद देऊन गेले.

“समोरच्या बाईंचंच काम हे,” तो मला म्हणाला. मी मान डोलावली.

पुढल्या जानेवारीत नुसतेच बूट दिसले. नंतर तो मायदेशी गेला.

काल समोरच्या त्या चिनी बाईंना मी तक्रारीचं खरं सांगितलं.

“अंकल, रोज सकाळी माझ्याकडे कॉफीला यायचा तो,” त्या म्हणाल्या. “अचानक यायचा बंद झाला. मी दोन वर्षं विचार करतेय, माझं काय चुकलं?”

मग त्यांनी दार हळूच लावून घेतलं.