अनसूयाबाईंना हसू आलं नाही

मित्रांनो, आज सकाळी बागेतल्या आमच्या कट्ट्यावर एकाने तोतऱ्या माणसाचा विनोद सांगितला. सगळे खो खो हसले. मला मात्र अनसूयाबाई आठवल्या.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात भवानी पेठेतल्या गणपतीपुढे मी नकला करायचो. एका वर्षी 'लंगडी आली, लंगडी आली' म्हणत मी पाय फरफटत स्टेजवर फिरलो. लोक पोट धरून हसले.

तेवढ्यात पुढे बसलेल्या अनसूयाबाई उठल्या. त्या कापडगिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या. लहानपणी पोलिओ होऊन त्यांचा एक पाय लुळा पडला होता.

भरल्या मांडवात त्या म्हणाल्या, "पोरा, समदी हसली, मी न्हाय हसले. मला हसू येईल आसं कायतरी कर की."

मग मी तंबाखू मळत खेकसणाऱ्या गिरणीतल्या मुकादमाची सुचेल तशी नक्कल केली. अनसूयाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "व्हय, आता लई झ्याक जमलं!"

त्या मला शिव्या देऊ शकल्या असत्या. त्यांनी मला पुन्हा संधी दिली, तीही सगळ्यांदेखत. केवढं मोठं मन!

'लंगडी' हा शब्द मी पुन्हा कधी कुणाला हसवायला वापरला नाही. तुम्हाला असं कुणी थांबवलंय का?